सातवा बिल्ला

शिशाचा पत्रा कुठून आणायचा, तर
फाटक्या रापणीच्या गोळ्या हातोडीने चपट्या केल्या.
कुडाळहून बॅटरीचं ॲसिड, बाबल तांडेलाच्या होडीचा चार्जर,
आणि गोठ्यात, जिथे आता गाय नाही, एक प्लास्टिकची बादली.
आधी पाणी, मग ॲसिड. उलट कधीच नाही.
हे मी भिंतीवर कोळशाने लिहून ठेवलंय,
आईला वाचता येतं म्हणून मोठ्या अक्षरात.

निवतीची हवा खिडकीच्या पट्टीलासुद्धा
पांढरी पुळी आणते.
मग गंजू दे तिला, पण माझ्या हाताने,
मोजून तासभर, बारा व्होल्टवर.
शिशाकडून बारीक बुडबुडे सुटतात,
पट्टीवर काहीच दिसत नाही.
धातू गुपचूप अंगावर साय धरतो,
आणि त्या सायीला भोकं,
इतकी बारीक की फक्त रंगाला कळतात.

पहिल्यांदा आमसुलाच्या आगळात बुडवली.
रंग चढला, देखणा, सोलकढीहून गडद;
चार उन्हांत उतरला.
मग दुकानातली निळी पुडी, साडी रंगवायची.
बाबलच्या बोयांना दहा बिल्ले हवे होते.

सातव्याला आईने हात लावला.
कॉस्टिकमधून काढून, धुऊन ठेवलेला,
तो तिने उचलला बांगडा उचलावा तसा,
कल्ला बघायला.
निळ्यातून वर आला तेव्हा मधोमध
तिचा अंगठा, रेघ न् रेघ, कोरा.

"परत आंगठोच?"
साठीला टेकल्यावर ती सोसायटीत सही शिकली,
त्या दिवशी शाईचं पॅड
तिने परसात नेऊन पुरलं होतं.
मी म्हटलं, थांब, कॉस्टिकमध्ये घालून पुसते.
बाबल म्हणाला, "ह्योच दी माका.
जाळा कोणी पळवल्यान तर
कुंदावयनीक पोलिसात नेतंय."

तोवर मोदकपात्रात पाणी खळखळत होतं.
अर्धा तास उकळलं की भोकं मिटतात,
आत राहिलं ते राहिलं.
बिल्ला थंड झाल्यावर आईने खिळा घेतला,
मागच्या अंगाला नाव कोरायला.
खिळा घसरला. परत घसरला.
"इतको कठीण झालो?"
बिल्ला तिने दाताखाली धरून पाहिला.

मग सुपातली कोरी पट्टी ओढली,
जमिनीवर पायाने दाबली,
आणि जीभ बाहेर काढून, घाम पुसत,
कुंदा.
अनुस्वार असा ठोकला की पट्टी वाकली.

"आता टाक," म्हणाली,
"आणि हात लाव नको."