आयर्न हेरॉन, अंक त्र्याऐंशी

टोलीडोच्या पूर्वेला एका न्हाव्याचं दुकान बंद पडलं,
तिथे व्हर्जिल पास्टर्नाकनं कॉमिक्स मांडली.
खुर्ची मात्र ठेवली, पायानं वरखाली होणारी.
तिच्यात बसून मी आयर्न हेरॉनचे
दोनशे चौदा अंक वाचलेत, बरेचसे फुकट.
तेव्हा मला काय कळतं, असं विचारू नका.

हेरॉन म्हणजे बगळा.
दिवसा तो नदीवरचा उचलपूल चालवतो,
रात्री चिलखत चढवतो. उडतो कमी.
बहुतेक वेळ एका पायावर उभा राहून
पाण्याकडे बघत असतो.
सिनेमातला बगळा अर्धा मिनिट
एका जागी उभा राहील तर शपथ.

माझी पहिली तक्रार पांढऱ्या पट्टीची,
दोन चौकटींच्या मधल्या.
या चौकटीत मूठ वर,
त्या चौकटीत माणूस आडवा.
फटका कुठे गेला?
तो मी मारलेला असायचा,
अकरा वर्षांच्या, नाक वाहणाऱ्या मी.
पडद्यावर तोच फटका सात बाजूंनी दाखवतात
आणि माझ्या हातात उरतात
मक्याच्या लाह्या.

आणि रंग.
बगळा राखाडी हवा, पण त्या भिकार कागदावर
राखाडी चिखलासारखा उतरायचा.
मग आर्डिस वॉल नावाच्या बाईनं
निळ्यात चिमूटभर लाल घातला
आणि तो जांभळट झाला,
सहा वाजता हिवाळ्यात नदी होते तसा.
रेघेबाहेर जरा सांडलेला. आम्हाला वाटायचं, थरथरतोय.
सिनेमात तो काळा आहे.
काळं म्हणजे गंभीर, हे यांच्या कानात
कुणी सांगितलं कोण जाणे.

एक कबूल करतो, अगदी पदरचं घालून:
लढाई संपल्यावर तो पोरगा कठड्यावर बसतो,
बूट काढतो, उलटा करतो,
आणि आतलं पाणी निघतच राहतं.
कुठल्याच अंकात नाही हे.
मी खुर्चीत ताठ झालो.
तेवढ्यात स्फोट झाला.

आता अंक त्र्याऐंशी.
पूल कोसळतो, बसमध्ये बारा माणसं,
हेरॉन अकरा जणांना काढतो.
बारावी ओडेसा ट्रिबल, शाळेत सूप वाढणारी.
पुढची चौदा पानं एकही ठोसा नाही.
तो तिच्या घरासमोर उभा, चिलखतासकट,
बेलपर्यंत बोट नेतो, मागे घेतो.
शेवटी तिचा नवरा कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर येतो,
याच्याकडे बघतो, म्हणतो,
"गारठा आहे. आत ये."
बस्स. अंक संपला.
पुढच्या महिन्यात वेगळीच गोष्ट,
आत काय बोलणं झालं ते कुणी लिहिलं नाही.
मी चाळीस वर्षं लिहितोय, मनातल्या मनात,
अजून पहिल्या वाक्यावर आहे.

सिनेमात बारावी वाचते.
सगळं थिएटर टाळ्या वाजवतं,
शेजारी माझी भाची कॉरिनही.
तिला काय बोलणार? मेलेली बाई जगली,
यावर माणसानं तोंड वाकडं करावं का?
केलं मी. कारण नामावलीत तिला
'प्रवासी चार' म्हटलंय.
वाचवलं, आणि वाचवता वाचवता
नाव बुडवलं.

हो, मी नामावली वाचतो.
बाकीचे बसतात ते शेवटच्या चुटक्यासाठी,
पुढच्या भागाची चिमूटभर लालूच.
ती झाली, लोक उठले, कॉरिन गाडीकडे गेली.
मी बसून. केस हलवणारे एकशे दहा जण,
धूर करणारे, कुत्रा सांभाळणारा,
जेवण पुरवणाऱ्या तीन कंपन्या,
कुठल्याशा नगरपालिकेचे आभार.
झाडू घेतलेला मुलगा
माझ्या रांगेच्या टोकाला थांबला.
"अजून काही यायचंय?"
म्हटलं, एक नाव.
तो झाडूवर रेलला, एक पाय दुसऱ्यावर टेकवून,
आणि वर बघत राहिला.