चौदा नंबरची काच

तेहतीस वर्षं मी वीज मंडळात मीटर वाचले.
धुळ्यापासून शिंदखेड्यापर्यंत कितीतरी ओट्यांना
माझ्या सायकलचं पायडल घासलेलं आहे.
मीटर दाराच्या वर, म्हणून मान नेहमी वर,
आणि वर, माळ्यावर, लसणाच्या जुड्यांमागे
बसलेले असायचे दिवे.
आम्ही खांब रोवत पुढे गेलो
तसे ते एकेक घरात वर चढत गेले.

पहिला घेतला नरडाण्यात, सव्वा रुपयाला.
भिंतीवरचा, मागे पत्र्याची गोल थाळी,
थाळीत अजून कुणाच्या तरी स्वयंपाकाची काजळी.
मग सुटलोच.
चाळीसगावचा गार्डाचा कंदील, एका डोळ्यानं लाल, दुसऱ्यानं हिरवा.
नंदुरबारची गॅसबत्ती,
वरातीत कुणाच्या तरी डोक्यावरून पडलेली.
तिचा पोचा काढून देतो म्हणाला एक जण.
मी म्हटलं, बत्ती राहू दे, पोच्यासाठीच घेतलीय.
शालन म्हणते, लोक सोनं जमवतात,
तुम्ही काजळी.

झुंबरदिवा रज्जाक पिंजारीच्या भंगारात सापडला,
कुलरच्या जाळ्यांखाली, साखळीसकट.
खाली ओढला की खाली येतो, सोडला की वर जातो,
इतका शहाणा.
टाकी गळत होती.
सोनगीरच्या रघो तांबटानं डाग दिला,
घासून लपवला मात्र नाही.
“वय झालंय त्याचं,” म्हणाला, “दिसू द्या.”
सगळं होतं, काच नव्हती.
चौदा नंबरची, पोटाला फुगीर, गळ्याला बारीक.
अकरा वर्षं शोधली.
नव्या मिळतात, सरळसोट, नळाच्या तुकड्यासारख्या.

आणि ती बेटावदला निघाली.
झेलाबाईच्या देवळीत, देवांपुढे,
निरांजनावर उभी.
पंख्याच्या वाऱ्यानं ज्योत विझते म्हणून.
तो पंखा ज्या जोडणीवर फिरतो
तिचा पहिला आकडा मीच लिहिलेला.
मी पाचशे म्हटलं, मग दोन हजार.
म्हातारीनं चहा ठेवला, माझ्याकडे नीट पाहिलं,
आणि ओळखलं.
दुष्काळाच्या वर्षी तिच्या बिलात
साठ युनिट जास्तीचे लागले होते म्हणे.
मी म्हटलं, असतील.
ती म्हणाली, असतील नाही, होते.

मग बशी पुढे सरकवत विचारलं,
“तुनाजोडे कितला दिवा शेतस?”
एक्केचाळीस, मी म्हटलं. जरा ऐटीतच.
“त्यासमा एकतरी पेटस का?”

त्या आठवड्यात रात्री लाइट गेली.
शालन मोबाइल शोधत होती, मी काडेपेटी,
आणि आमच्याभोवती एक्केचाळीस दिवे,
घासलेले, पुसलेले, चिठ्ठी लावलेले.
घरात रॉकेलचा थेंब नाही.
रेशनवाला सकाळी हसला,
म्हणाला, कोणत्या जमान्यात आहात साहेब?
शेंगदाण्याचं तेल घालून पाहिलं.
वात ते ओढेना. नुसती फुरफुरली,
भाजल्या शेंगांचा वास घरभर.

काच बेटावदलाच आहे.
महिन्यातून एकदा मी एसटीनं जातो.
झेलाबाईची बोटं वाकलीत, आत शिरत नाहीत,
म्हणून काच मी धुतो.
राख, मग पाणी, मग मऊ धोतराचा तुकडा,
गळ्यापाशी करंगळी फिरवून.
ती परत निरांजनावर ठेवते. साठ युनिटांचा विषय
दर वेळी निघतोच.
उठताना मान आपोआप दाराच्या वर जाते.
आता तिथं चकती फिरत नाही,
लाल ठिपका लुकलुकतो.
तरी आकडा वाचतो, मनात टिपतो.
कुणाला द्यायचा तो,
हे बस सुटेपर्यंत आठवत नाही.