कानखूण

गावाच्या जुन्या दप्तरात, सन सतराशे एकोणीसच्या पानावर
कारकुनाने सुवाच्य अक्षरात नोंदवलंय:
हेझकाया टिल्सन, पिंपं बनवणारा.
त्याच्या गुरांची खूण
उजव्या कानाला उभी चीर,
डाव्याच्या खालच्या कडेला अर्धचंद्र.
शेजारी शाईने कानही काढलाय,
मेपलच्या कोवळ्या पानाएवढा.
गुरं हरवू नयेत म्हणून केवढी ही काळजी.

मी एकतीस वर्षं कनेटिकटच्या या टेकड्यांतून
शाळेची बस चालवली.
पोरं मोजून घ्यायची, मोजून उतरवायची,
आणि पोर दारातून आत जाईपर्यंत
गाडी हलवायची नाही.
वंशावळीचं माझं शिक्षण एवढंच.

हेझकायाची नऊ.
मर्सी दोनदा आहे. पहिली अकरा दिवसांची गेली,
नाव वाया जाऊ नये म्हणून पुढचीला दिलं,
थोरल्याचा कोट धाकट्याला घालावा तसं.
ही दुसरी मर्सी ब्याण्णव वर्षं जगली, दोन नवरे पोचवून.
तिच्यामागची चारशे बारा माणसं माझ्या वहीत आहेत:
एक दंतवैद्य, एक घोडेचोर,
ओरेगनच्या वाटेवर पटकीने गेलेलं अख्खं घर,
आणि टॅम्पाची एक बाई,
जी मला नाताळात संत्री पाठवते.

मुलगे सोपे असतात.
आडनाव धरून चालत राहायचं, नदीचा काठ धरावा तसं.
मुली लग्नाच्या पानावर पाण्यात शिरतात
आणि कुठे वर आल्या ते कोणी लिहीत नाही.

आठ उतरले. एक सीट भरलेलीच.

सायलेन्स टिल्सन.
बापाने मुलीचं नाव मौन ठेवलं
आणि दप्तराने ते इमानाने पाळलं.
बाप्तिस्मा, सतराशे बावीस. त्यानंतर
मृत्युपत्रातली एक ओळ:
मुलगी सायलेन्स हिला कथलाच्या दोन थाळ्या
आणि तांबडी गाय.
खूण मात्र थोरल्या मुलाला.

सहा वर्षं मी सायलेन्सला शोधलं.
चर्चची पुस्तकं, कबरींवरचं शेवाळ,
टूथब्रशने घासलेली भलत्यांचीच नावं.
मग एका दुपारी डोक्यात आलं,
आपण चुकीच्या बाईमागे लागलोय.
गाईला शोधायला हवं.

पलीकडच्या गावात भटक्या जनावरांची वही निघाली.
जानेवारी, सतराशे चव्वेचाळीस:
तांबडी गाय सापडली, बर्फात, अंगावर काटे.
उजव्या कानाला चीर, डाव्याला अर्धचंद्र.
चारा आणि राखणीचे दोन शिलिंग भरून
नेथन वूडिंगची बायको घेऊन गेली.

नाव इथेही नाही.
पण मी वाचनालयात एकदम इतकी मोठ्याने हसले
की ग्रंथपाल पाणी घेऊन आली.

वूडिंग पुढे व्हरमाँटला सरकले, मग तिथूनही पश्चिमेकडे.
शेवटचा सापडला नेब्रास्कात. लायल वूडिंग.
फोन केला तेव्हा गोठ्यात होता.
'लवकर सांगा, हात भरलेत.'
मी सांगितलं. गाय, बर्फ, दोन शिलिंग.
तिकडे वासरू हंबरत होतं.
बराच वेळ तेवढंच.
मग त्याने विचारलं, 'चीर कुठल्या कानाला म्हणालात?'
'उजव्या.'
'आम्ही डाव्याला लावतो. पिवळा प्लास्टिकचा.'
आणि खट्ट आवाज आला, वासरू ओरडलं,
आणि तो म्हणाला, 'झालं, झालं गं पोरी,'
मला नव्हे.

त्या रात्री वहीत पेन्सिलीने लिहिलं:
सायलेन्स. स्टॉप, वूडिंगचं शेत.
पुढे 'उतरली' लिहायला पेन्सिल टेकवली
आणि तशीच धरून बसले.
एवढ्या बर्फातून ती गाय ओढत आली,
दिवस मावळलेला,
दार अजून कोणी उघडलेलं दिसत नाही.