ठिपके

सागरमाळावरच्या अंधाऱ्या खोलीत
इंद्रायणी बुधले म्हणाली,
"चित्र येईल, पाठोपाठ ठिपके.
काय दिसलं तेवढं सांगा."

मी सांगत गेलो : बैल. किटली. काही नाही.
परत काही नाही.
ठिपक्यांना जरा उशीर झाला तेव्हा
चप्पल, चक्क कापशीची, वेणीसकट.

"आधीचंही डोळ्यांत शिरलं होतं," ती म्हणाली,
"मागून आलेल्यानं पुसलं.
तुम्ही चुकला नाही, काका."

संध्याकाळी दसरा चौकात
पलीकडून कुणीतरी हात वर केला
आणि केएमटी आडवी आली.
ती गेल्यावर रसाचा गाडा, घुंगरं,
दोन पोरं ग्लास धरून.

कोण होतं, शपथेवर सांगता यायचं नाही.
माझा हात मात्र
खांद्यापर्यंत
वर आलेला.