छाप नसलेला शेर

रंकाळा स्टँडवरनं पावणेआठची गाडी.
मांडीवर खात्याची पेटी,
मखमली खणांत पितळेची वजनं,
दोन किलोपासून एका ग्रॅमपर्यंत
उंचीनं उभी केलेली भावंडं.
कंडक्टर विचारतो, सोनं हाय काय सायेब?
मी म्हणतो, न्हाई. नुसतं खरं आहे.

गावाच्या नावाआधी अजून कसबा लावतात.
जकात गेली, वाणी शहराला गेले,
उरलाय मंगळवारचा बाजार,
नऊला भरतो, तीनला मोडतो,
आणि बाजारात जागोजाग वीरगळ.
एकाला शेळी बांधलेली,
एकाला ताडपत्रीचा दोर,
एकावर पंक्चरवाल्यानं चुन्यानं बाण काढलाय.

बहुतेक कमरेपर्यंत रुतलेत.
वरच्या कप्प्यात वीर पिंडीपुढं मांडी घालून,
मधल्यात अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून नेतायत,
खालचा, जिथं तो पडला, तो मातीत.
पोचला कुठं ते दिसतं.
पडला कशापायी, ते खणावं लागेल,
आणि बाजाराच्या दिवशी कोण खणतंय?

मी शिरलो की बाजाराचा आवाज उतरतो.
भेंडीवाला पोरगा अचानक चहाला जातो.
बटाटेवाला पारड्याखालनं
लोहचुंबक काढून खिशात टाकतो,
खिशातल्या किल्ल्या त्याला चिकटतात, वाजतात,
तो माझ्याकडं बघून हसतो, मीही.
पावती फाडतो.

मिरचीच्या ओळीत शेवटी बायडाक्का मगदूम.
संकेश्वरीचा लाल ढीग, हातात तागडी,
आणि वजनाच्या पारड्यात
एक काळा दगड, त्याला सुतळीनं बांधलेला
इंजिनाचा नट.

हे काय आक्का?
किलो.
कुणाचा?
सासूचा. तवा ह्यो निस्ता शेर हुता.
किलो आल्यावर मालकानं नट बांधून दिला,
फौंड्रीत हुते न्हवं ते.

मी दगड उलटा केला.
खालच्या अंगाला शिंग होतं.
शिंग, कान, अर्धा डोळा,
एका बैलाचं इतकंच,
बाकीचं घासून घासून गुळगुळीत.

पेटी उघडली. भोवती माणसं जमली.
माझ्या काट्यावर ठेवला:
एक किलो चार ग्रॅम.
चार ग्रॅम गिऱ्हाइकाच्या बाजूनं.
पुन्हा ठेवला. तेच.
बायडाक्का पदरानं नाक पुसत म्हणाली,
कमी भरला का काय?

नियम साफ आहे.
छाप नाही ते वजन नाही.
पण छाप मारायची कुठं? शिंगावर?
ठोकणी हातात घेऊन मी उभा,
सव्वीस वर्षांची नोकरी,
आणि मिरचीच्या खाटानं
माझ्याच डोळ्यांतनं पाणी.
कुणीतरी मागनं म्हणालं, सायेबाला लागलं बघा.

अर्धा किलो द्या, म्हणालो.
आर्ध्याला दगड न्हाई, ती म्हणाली, किलोच न्या.
नेली.
वहीत 'जप्त' च्या रकान्यात आडवी रेघ.

परतीच्या गाडीला वीस मिनिटं होती.
पाणंदीच्या तोंडाला एक वीरगळ मुळापासून उघडा,
ओढ्याच्या पाण्यानं माती खाल्लेली.
खालच्या कप्प्यात गुरं.
गुरं वळवणारे चोर,
आणि एकटा, काष्टा घातलेला, हातात आखूड तलवार.
म्हणजे हा गुरांसाठी पडला.
कुणाच्या गुरांसाठी ते लिहिलेलं नाही.

कळपातल्या शेवटच्या बैलाला तोंड नव्हतं.
तिथं खळगी. खळगीत पाणी,
पाण्यात एक मुंगळा कडेला लागायच्या खटपटीत.

मी मुंगळा काढला.
खळगीत मूठ बसवून बघितली.
हाताला वजनं कळतात, काट्याशिवाय,
एवढी एक गोष्ट खात्यानं मला दिली.
नऊशे तीस, फार तर पस्तीस.

गाडी आली. कंडक्टर तोच.
पेटीकडं बघून म्हणाला, आज जड दिसतीया.
मी म्हणालो, मिरची आहे.