आत किती, बाहेर किती

पाण्याने काही केलेलं नाही.
टोमॅटोला शिवलं नाही, साखरेला नाही,
पोलादी भिंतीच्या पलीकडून नुसतं वाहत गेलं
आणि उकळत्या पल्पचा ताव
अंगावर घेऊन बाहेर पडलं.
रंग नाही, वास नाही.
बाटलीत धरून उजेडाला दाखवलं
तर विहिरीचंच म्हणाल.

रजिस्टरात दोन रकाने : आत, बाहेर.
तिसऱ्या पाळीत ते मी भरतो.
आत चोवीस. बाहेर एकेचाळीस.
मधले सतरा ओढ्याच्या खाती.

पलूसच्या अलीकडचा हा ओढा
येरळेकडे जातो. म्हणजे जायचा.
डिसेंबरात आता आमच्याच पाण्यावर चालतो,
आणि पहाटे त्याच्यावर वाफ उभी राहते
चुलीवर विसरलेल्या पातेल्यासारखी.

तिथं फरशीवर हौसाक्का, गोधड्यांचा ढीग घेऊन.
"ऊन पाणी, तेबी फुकट.
बोटं वळत्यात बघ माझी," म्हणते,
आणि खरंच वळवून दाखवते, एकेक.

पुलाखाली मैनुद्दीन. जाळं खांद्यावर, कोरडं.
"मासा मेला नाही रे.
मेला असता तर अर्ज तरी केला असता,
पुरावा हातात धरून.
तो उठून गेला. न सांगता."

मग बाळगोंडा मिस्त्रीने
मागच्या पडीक तुकड्यात तळं काढलं,
उथळ, पसरट, गुडघाभर.
वर सहा पायऱ्या, फवारे.
साहेबांनी विचारलं, याला काय म्हणायचं?
मिस्त्री म्हणाला, बशी.
चहा पोळतो तेव्हा आपण काय करतो?

सहा पायऱ्या पाणी आपटत उतरलं,
आठवडाभर आम्ही थर्मामीटर घेऊन मागे मागे.
पस्तीस. एकतीस.
तळ्याच्या दुसऱ्या टोकाला सत्तावीस.
मिस्त्रीने त्या दिवशी चहा घेतला तो फुर्र करून,
मुद्दाम मोठ्याने.

हौसाक्काने ओढ्यात हात घातला,
काढला, पदराला पुसला.
पाण्याकडे नाही, माझ्याकडे बघत म्हणाली,
"गार झालास व्हय रं?"

तेव्हापासून पहिल्या पायरीच्या वर
मी एक कॅन भरून ठेवतो.
त्याला रजिस्टरात रकाना नाही.
एका कॅनमध्ये गोधडी भिजत नाही,
हेही मला माहीत आहे. ती नेते, बोलत नाही.

आज पाळी सुटताना पुलावर थांबलो.
मैनुद्दीनचं जाळं कठड्यावर वाळत होतं.
रिकामं.
पण वाळत होतं.