चोवीस पुढे, अठ्ठावीस मागे

भाचा नोकरीला पुण्याला गेला
आणि त्याची सायकल माझ्या डाकेच्या थैलीखाली आली.
एकोणतीस इंची चाकं.
फाट्यावरची पोरं विचारतात,
"बाई, इच्यावर शिडी लावून चढता काय?"

टायरच्या गालावर छापलंय: जास्तीत जास्त पासष्ट.
झिबलकाकाने चष्मा कपाळावर सारून ते वाचलं
आणि साठ भरली.
"मोठं चाक हाय. मोठ्या बैलाले पेंडी बी मोठीच लागन."
अंगठा दाबून पाहिला. दगड.
"हां. आता जमलं."

जमलं नव्हतं.
फाटा ते कोलामपोड, साडेचार किलोमीटर गिट्टी,
एकेक खडा माझ्या दाढेत येऊन बोलला.
तापल्या खापरातल्या लाहीसारखं चाक उडत होतं,
आणि नाल्याच्या उतारावर पुढचं सटकलं.
दोन रजिस्टर पत्रं, एक पासबुक
आणि लेतू टेकामच्या पोराचं भरतीचं बोलावणं
रुईच्या झुडपात.
ते आधी गोळा केलं, मग गुडघा पाहिला.

मग रागारागात सोडली हवा.
अठरा.
काळ्या मातीवर अशी गेली, जशी मी अनवाणी चालतेय.
दोन दिवस सगळ्यांना सांगत सुटले.
तिसऱ्या दिवशी पऱ्हाटीच्या धुऱ्यावर
दगडाच्या धारेवर रिम खणकन वाजली.
काकाने ट्यूब पाण्यात बुडवली,
शेजारी-शेजारी दोन बुडबुडे.
"सापानं डसलं काय वो?"
साप कुठला काका, रिम आणि दगडाच्या मधे
सापडली बिचारी.

त्या रात्री पडवीत
टायर ओलं केलं, शिक्क्याची शाई फासली,
रद्दीतल्या फॉर्मवर सायकल ठेवून वर बसले
आणि नवऱ्याला म्हटलं, कागद ओढ.
साठाला: रेव्हेन्यू तिकिटाएवढा ठिपका.
अठराला: नकाशातला तलाव.
आमच्या जुन्या सायकलीचंही घेतलं मग.
तेवढ्याच हवेत हिचा ठसा लांब, काकडीसारखा,
मातीला जास्त वेळ धरून ठेवणारा.
म्हणून हिला टणक व्हायची गरज नाही,
वाटेत दगड आला तर ती
उंबऱ्यावरून पाय टाकावा तशी जाते.
नवरा म्हणाला, फॉर्म संपले तर पोस्टमास्तर काय म्हणेल.

डायरीच्या मागच्या पानावर अजून आहे सगळं:
तारीख, वाट, पुढचं, मागचं, पडले / नाही पडले.
तीस-चौतीस: हात मुंग्यावतात.
बावीस-सव्वीस: तुराटीचे खुंट, भीती वाटली.
चोवीस-अठ्ठावीस: आज वाट आठवतच नाही.

मागे चार जास्त, कारण थैली मागे, मीही मागेच.
शाळेची पुस्तकं येतात त्या आठवड्यात बत्तीस.
आणि मे महिन्यात सकाळी दोनने कमीच बरी,
कोलामपोडच्या समाजमंदिरापुढे उन्हात उभी केली
तर बारापर्यंत काटा आपोआप चढलेला असतो.

भाच्याने काटा पाठवला तेव्हा काका रुसला होता.
"चाळीस वर्षं ह्या अंगठ्यानं हवा मोजली.
आता मले घड्याळ दाखवता."
आता रोज शर्यत असते.
तो डोळे मिटून दाबतो. "सत्तावीस."
काटा साडेसत्तावीस म्हणतो.
"काटा चुकला तुमचा," काका म्हणतो
आणि दोन रुपये घेत नाही.
हरला त्या दिवशी घेतो.

डांबरावर मात्र मी चाळीसवर जाते,
घाटंजीहून थैली आणायची तेव्हा.
परतताना पांदणीच्या तोंडाशी उतरायचं,
व्हॉल्वची टोपी दातात धरायची,
नखाने दाबायचं.
फुस्स.
बांधावरचा तितर उडतो.
आणि तिथे, जिथे मैलभर दुकान नाही,
क्षणभर झिबलकाकाच्या टपरीचा वास येतो,
रबर, सोल्युशन, विझलेली बिडी.
मोजत राहते.
अडतीस, चौतीस, तीस.